समासात लिहिलेली ओळ

देवरावकाकांच्या मुलीचा, सुनंदादीदीचा, फोन आला तेव्हा मी तेलीबांध्याच्या थांब्यावर ऑफिसच्या बसची वाट पाहत होते. "बाबा नहीं रहे," ती म्हणाली. मराठी तिला कळतं, बोलते मात्र हिंदीच. बस आली, मी खिडकीशी बसले, आणि नवा रायपूर येईपर्यंत ही बातमी सांगावी असं एकही माणूस मला आठवेना... देवरावकाकांना ओळखणारे बाकीचे आधीच गेले होते.

काका रायपुरातल्याच गुढियारीत राहायचे, रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. ते आणि माझे बाबा युनियनची पत्रकं काढायचे. घड्या घालायचं काम माझं. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली. इतर पोरी कविता पाठ करायच्या, मी मागण्या. पुढे बाबा गेले, युनियन थकली, नवं राज्य झालं, शहरात मोठमोठी कार्यालयं उभी राहिली. काकांनी मात्र पत्रक सोडलं नाही. दर मे महिन्यात एक, मराठीत, जगातल्या कुठल्यातरी उठावावर.

शेवटचं होतं चुकिसाकावर. दक्षिण अमेरिकेतलं, आजच्या बोलिव्हियातलं हे गाव १८०९ च्या मे महिन्यात स्पॅनिश अधिकाऱ्याविरुद्ध उठलं. लोकांनी चर्चच्या घंटा बडवल्या, अधिकाऱ्याला अटक केली. तिथून पेटलेलं स्वातंत्र्य हाती यायला सोळा वर्षं लागली. काकांच्या मजकुरात एक ओळ होती : त्या दिवशी लोक स्पेनच्या राजाचाच जयजयकार करत होते. मला ती ओळ सोसेना. उठाव करणारे राजाचा जयजयकार कसा करतील? शंकर नगरातल्या छपाईच्या दुकानात टाईप करताना मी ती गाळली आणि छापलेला गठ्ठा काकांना नेऊन दिला.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. ओळ कुठे गेली, विचारलं. मी म्हटलं, पानावर जागा नव्हती.

"जागा नव्हती, का तुले लाज वाटली?"

मी पेटले. राजाच्या नावानं सुरू झालेल्याला उठाव म्हणणंच चूक, वाचणारे हसतील, असं बरंच काही बोलले. "वाचतेच कोण, पोट्टे," म्हणत काकाच हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "पहिल्या दिवशी कोणालेच ठाऊक नसते, आपण काय सुरू करून राहिलो. पण त्यायच्या तोंडचं तू काढू नको."

खोटं मी कबूल केलं नाही. पुन्हा गेलेही नाही. नोकरी लागली, तेलीबांध्याला खोली घेतली, आणि त्यांचा फोन आला की मी नेमकी कामात असायची.

तेरवीनंतर काही दिवसांनी गेले. दीदीनं काकांची खोली उघडून दिली. टेबलावर तो गठ्ठा तसाच होता. एकही प्रत वाटलेली नव्हती, कारण सगळ्या दुरुस्त झाल्याशिवाय एकही बाहेर जाऊ द्यायची नाही ही त्यांची जुनी पद्धत. प्रत्येक प्रतीच्या समासात निळ्या शाईनं ती गाळलेली ओळ लिहिलेली. वरच्या प्रतींवर मालगोदामातलं ठसठशीत अक्षर, खाली खाली ते कापत गेलेलं... आणि मग नुसते कोरे समास.

"ये एक ही लाइन बाबा रोज क्यों लिखते थे?" दीदीनं विचारलं.

"पानावर जागा होती, दीदी," मी म्हटलं. "मी काकांशी खोटं बोलले."

"हव. उनको मालूम था," ती म्हणाली, आणि तिनं त्यांची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आता रविवारी दुपारी मी तिथे जाते. दीदी बाहेरच्या खोलीत असते, मी कोऱ्या समासात ती ओळ लिहीत बसते. चुकलं तर सांगायला कोणी नाही. गल्लीत मराठी वाचणारंही कोणी उरलेलं नाही. गठ्ठा पुरा झाल्यावर द्यायचा कोणाला, ठाऊक नाही. काकांचं अक्षर कुठे थांबलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते चाळणाऱ्याला लगेच कळेल.

कळू दे.