कमरेला बसणारा टॅब

आमच्या आक्का कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती कमरेला खोचून बघायच्या. विळा असो, पाकीट असो, बॅटरी असो की पाण्याची बाटली. खोचायची, चार पावलं चालायचं, एकदा खाली वाकायचं. पडली नाही तर घ्यायची. धाराशिवच्या मोबाइलच्या दुकानातही त्यांनी हेच केलं. त्यांचा मुलगा राजू पुण्याहून आला होता आणि आईसाठी चांगला ताटाएवढा टॅब घ्यायचा म्हणून हटून बसला होता. आक्कांनी तो दुकानदाराच्या हातातून घेतला, कमरेला खोचला आणि वाकल्या. दुकानदाराने काउंटरवर पोट टेकून तो हवेतच झेलला.

"ह्यो न्हाय बसत," आक्का म्हणाल्या. "बारका दाखीव."

"आई, टॅब काय विळा आहे का?" राजू म्हणाला.

"इळा परवडला. त्याला निदान मूठ तरी असती."

शेवटी दुकानातला सगळ्यात लहान टॅब घेतला. तो खोचून आक्का दुकानभर फिरल्या, दोनदा वाकल्या, एकदा उगाचच शिंकल्या. टॅब हलला नाही. दुकानदार मात्र तोवर घामाघूम झाला होता.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ढोकीजवळच्या आमच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. थोरले दीर गेल्यापासून त्या एकट्याच राहत. माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे मला बोलायला वेळ कमी आणि ऐकायची सवय जास्त. टॅब घ्यायचं कारण आक्कांचा गुडघा. त्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जपून चाला. राजूने त्याचा अर्थ लावला, रान बंद. "ऑफिसात चहाची सुट्टी झाली की मी रोज व्हिडिओ कॉल करणार. तू घरात दिसली पाहिजेस. रानात गेलीस असं कळलं तर त्याच आठवड्यात पुण्याला घेऊन जाणार, कायमची." राजू वाईट मुलगा नव्हता. फक्त काळजी करायला लागला की तो साहेबासारखा बोलायचा.

पुण्याला आक्का एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. कसं वाटलं विचारलं तर म्हणाल्या, "खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसती. त्यातली बाई आपल्याकडं बघती. आपण तिच्याकडं बघायचं. मग दोघींनी खिडक्या लावायच्या." परत तिकडे राहायला जायची त्यांची तयारी नव्हती आणि रान सोडायचीही नव्हती. रानात वाटेकरी होता, कष्ट त्याचे. पण दिवसातून एकदा बांधावर उभं राहून त्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय आक्कांना अन्न गोड लागत नसे.

टॅब त्यांना आवडणार नाही असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आठ दिवसांत त्याच्याशिवाय त्या अंगणात येईनात. भाकरी करताना तो तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. समोर कुणीतरी शहरातली बाई वांग्याची भाजी करून दाखवत असायची आणि आक्का तिला झापत असायच्या. "अगं, तेल किती वततीस! सासू न्हाय का तुला घरात?" हात पिठाचे असल्यामुळे टॅब नाकाने चालवायच्या. नाकाने थांबवायचा, नाकाने पुढे ढकलायचा. राजूचा फोनसुद्धा नाकानेच उचलायच्या. त्यामुळे पुण्याच्या ऑफिसात चहा पिणाऱ्या माझ्या पुतण्याला रोज सगळ्यात आधी आईचं नाक दिसायचं, तेही एवढं जवळून की त्याच्या शेजारचा माणूस एकदा दचकला म्हणे.

टॅब बारका असल्याचे फायदे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यातला मुख्य फायदा असा, की दुपारी आडवं होऊन बघता बघता डोळा लागला आणि टॅब तोंडावर पडला, तरी लागत नाही. "मोठा घेतला आसता तर आज मला नाक नसतं," असं त्या गिरणीत रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सांगायच्या. दुसरा फायदा, एका हातात मावतो. दुसरा हात मोकळा राहतो, त्याने शेंगा फोडता येतात. तिसरा, अक्षर मोबाइलपेक्षा मोठं, म्हणून चष्मा शोधायची भानगड नाही. आक्का टॅब विकायला बसल्या असत्या तर गावातल्या निम्म्या बायकांनी घेतला असता.

चार्जिंगला त्या वैरण म्हणत. त्यांच्या घरातला खटक्याचा बोर्ड खाटेपासून लांब होता, म्हणून टॅब माझ्या गिरणीत लावायचा. सकाळी दारातून हाक यायची, "मंगल, ह्याला वैरण टाक गं!" आणि तासाभराने, "रवंथ झाला का?" एकदा मी दळणाच्या गडबडीत विसरले. टॅब दुपारी बंद पडला. आक्का माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "मुकं जनावर हाय म्हणून काय उपाशी ठेवायचं व्हय?"

आता मुद्द्याचं. टॅब बारका असल्याचा सगळ्यात मोठा फायदा आक्कांनी फक्त मला सांगितला. त्यांच्या मते टॅब जेवढा, तेवढंच त्यातून पलीकडे दिसतं. "मोठ्या टॅबातनं राजूला सगळं रान दिसलं आसतं. ह्या एवढ्याशात मावून मावून काय मावणार? माझं तोंड आन् मागची हातभर भिंत."

"आक्का, तसं नसतं," मी म्हणाले. "कॅमेरा तर तेवढाच असतो."

"तू गिरणी बघ."

मग त्यांनी हातभर भिंत तयार केली. आतल्या खोलीच्या दाराला निळ्या फुलांचा पडदा होता. तो मधोमध फाडला. अर्धा दाराला ठेवला, अर्धा रानात नेला. विहिरीजवळ दोन बाभळी आहेत आणि रानात मोबाइलची रेंज तिथेच सगळ्यात चांगली येते. त्या बाभळींना दोरी बांधून पडदा अडकवला आणि पडद्याला घरातल्यासारखंच एक कॅलेंडर टाचलं. समोर पालथं घमेलं. चहाच्या वेळेला आक्का घमेल्यावर बसायच्या, कमरेचा टॅब काढायच्या आणि चेहऱ्यावर आजारी माणसाचे भाव आणायच्या. दुपारी गावातली लाईट जाते, गिरणी बंद असते. म्हणून वारा सुटला की पडदा धरायला मी. पन्नाशीला आलेली बाई रानात पडदा धरून उभी आहे, हे बघून वाटेकरी तोंडात उपरणं कोंबून हसायचा.

"आई, काय करायलीस?"

"काय करणार बाबा. पडलेय."

"बैलाची घंटा वाजायलीय का गं?"

"तुझी काकू पूजा करायलीय."

"साडेचारला?"

"तिला कधी येळ हाय का? गिरणी बंद झाली की देव आठवतेत."

पडद्यामागे मी देवभक्त झाले होते. पुढे कॅलेंडरचा घोटाळा झाला. महिना बदलला तरी रानातलं पान आम्ही उलटलं नाही. राजूने विचारलं तर आक्का म्हणाल्या, "गेलेला महिना चांगला गेला, म्हणून ठेवलाय." राजूने पुढे गुडघ्याचं विचारलं. त्याला आईची उत्तरं लहानपणापासून माहीत होती.

असं चांगले तीन-चार महिने चाललं. आक्का रोज रानात जात होत्या आणि त्यांचा गुडघा, खरं सांगायचं तर, त्यामुळेच मोकळा झाला होता. मग हरभरा निघाला, रान मोकळं झालं आणि आक्कांनी दरवर्षीप्रमाणे मेंढरं बसवली. आमच्याकडे मोकळ्या रानात धनगराचा कळप चार रात्री मुक्कामाला ठेवतात, म्हणजे लेंडीखत आयतं पडतं. कळप दिवसा इकडेतिकडे चरतो. त्या दिवशी आक्का घमेल्यावर बसून "अंग लई दुखायलंय" असं सांगत असताना, पडद्याच्या कडेने एक काळं तोंड आत आलं. त्याने कॅलेंडर हुंगलं आणि पुढच्या महिन्याचं पान खाऊ लागलं. मी पलीकडून त्याचे मागचे पाय ओढत होते. त्याला काही फरक पडत नव्हता.

आक्कांनी मागे बघितलंच नाही.

"आई, तुझ्यामागे काय आहे?"

"भिंत."

"बरं," राजू म्हणाला आणि फोन ठेवला.

"न्हाय दिसलं त्याला," आक्का खुशीत म्हणाल्या. "म्हणलं नव्हतं? बारका टॅब!"

त्यानंतरच्या शनिवारी राजू न सांगता आला. मोटारीची मागची सीट त्याने मोकळी करून आणली होती, हे नंतर कळलं. आम्हाला रानात काय पत्ता! चहाच्या वेळेला टॅब वाजला. आक्का बसल्या, पदर सारखा केला, तोंड पाडलं.

"आई, काय करायलीस?"

"पडलेय जरा."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरात. आतल्या खोलीत."

"खाटेवर?"

"खाटेवरच की."

"आई, खाटेवर मी बसलोय."

मी पडदा सोडून दिला. आता तो धरून उपयोग नव्हता. आक्का टॅबकडे बघून म्हणाल्या, "मग जरा सरक की तिकडं."

अर्ध्या तासात राजू कुणाच्या तरी मोटारसायकलवरून बांधावर उतरला. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. मी कॅलेंडर काढायला गेले तर आक्का म्हणाल्या, "राहू दे. आता काय देव पावायचा न्हाय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. हा पोरगा आपल्याला खरंच गाडीत घालून नेईल, हे त्यांना कळलं होतं.

राजू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आई, मला दिवसभर मीटिंगमध्ये तुझ्या गुडघ्याची काळजी. आणि तू माझ्यापुढे पडदा लावतेस. सामान भर. उद्या निघायचं."

"निघू," आक्का म्हणाल्या. "आधी ऊस बघून येते. पाणी चालू हाय. एवढं पाण्याचं दारं बदलते आन् येते."

त्या टॅब कमरेला खोचून निघाल्या. "आई, थांब, पडशील!" म्हणत राजू मागे, त्याच्यामागे मी. उसाच्या कडेचा बांध अरुंद, एका बाजूला पाण्याचा पाट, दुसरीकडे भिजलेली सरी. आक्का पुढे झपाझप. बदललेली वाटी, जुनी वाटी, दोन्ही एका तालात. राजू हात पसरून, तोल सांभाळत, आईला सूचना देत. "हळू. डावीकडे बघ. तिथे निसरडं..." आणि शब्द पुरा व्हायच्या आधी तो स्वतः सरीत आडवा झाला. बूट वर, बाकी सगळा चिखलात.

आक्का मागे फिरल्या. दोन्ही पाय रोवून त्यांनी हात दिला आणि चाळीस वर्षांच्या, चांगल्या वजनदार मुलाला एका हिसक्यात उभं केलं. कमरेचा टॅब जागचा हलला नाही. त्यांनी राजूच्या गालावरचा चिखल पदराने पुसला आणि विचारलं, "आपल्या दोघांत वाटी कुणाची बदललीय रं?"

राजू आधी माझ्याकडे रागाने बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते चिखलामुळे नीट कळत नव्हतं. मला वाटतं दोन्ही. बांधावर बसून त्याने बूट काढले, त्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. राहा इथेच. पण यापुढे कॉल उचलशील तेव्हा मागे रान दिसलं पाहिजे. पडदा दिसला तर मी समजेन तू आजारी आहेस."

त्यानंतर आक्का आणखी तीन वर्षं होत्या. रोज चहाच्या वेळेला त्या राजूला रान दाखवायच्या. आज इथपर्यंत पाणी आलं, आज वाटेकऱ्याने कामात अशी टंगळमंगळ केली. टॅबच्या काचेला तडा गेला तरी बदलू दिला नाही, "सवय झालीय त्याला माझी" म्हणून. मागच्या पावसाळ्यात ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांत सगळं संपलं. फार काही हाल झाले नाहीत. त्यांना हाल करून घ्यायला वेळच नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर राजू टॅब माझ्या हातात देऊन गेला. मला खरं तर तो नको होता, माझा मोबाइल आहे. तरी गिरणीतल्या खिळ्यावर पिशवीत अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तो वाजला.

"काकू, रानात आहात का?"

नव्हते. पण गेले. दाखवलं. तेव्हापासून रोज वाजतो आणि मी रोज जाते, कारण दुपारी लाईट नसतेच. राजू जास्त बोलत नाही. हे पिवळं काय, ती करडई का, पाणी कधी दिलं, एवढंच. एखाद्या दिवशी मध्येच गप्प होतो, मग मी विहिरीपासून उसापर्यंत टॅब धरून चालत राहते. वाटेकऱ्याला मी आता चार शब्द ऐकवायला लागले आहे. तो म्हणतो, वहिनी, तुमी पण आक्कांवर गेलात.

परवा राजूने विचारलं, "काकू, ज्वारीच्या पेरणीला सुट्टी टाकून येऊ का?"

मी म्हटलं, "ये. पण नुसतं बघणार असशील तर तिथूनच बघ."