कूलरवरचा फ्लेक्स

घरातला जुना कम्प्युटर बाबांनी शेवटपर्यंत इंटरनेटला जोडू दिला नाही. कुणी पेन ड्राइव्ह काढला की ओरडायचे, "काहून लावून राहिला गा? रोग लागते त्याले!"

बाबा गेले. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी भावाने त्यातलाच त्यांचा हसरा फोटो पेन ड्राइव्हवर नेला, आणि दुकानातून आल्यावर फ्लेक्सचं डिझाइन जपून ठेवायला तोच पेन ड्राइव्ह परत लावला. व्हायरस शिरला. घरातले सगळे फोटो त्याच कम्प्युटरमध्ये होते; त्यानंतर त्यातला एकही उघडला नाही. "मले काय मालूम," भाऊ म्हणाला. थोबाडीत द्यावीशी वाटली.

तेरवीनंतर उतरवलेला फ्लेक्स आम्ही पावसासाठी कूलरवर बांधला होता. आता बाबांचा तेवढाच फोटो उरलाय. उन्हाने रंग उडू नये म्हणून त्यांचा चेहरा आतल्या बाजूला केलाय.