एकच बाटली

फोनवर तुम्हा नातवंडांना एवढंच सांगितलं की आजोबांना चक्कर आली. चक्कर नव्हती, फिट होती. नाश्ता करताना त्यांचा उजवा हात झटके देऊ लागला आणि ते खुर्चीतून घसरले. स्वयंपाकाच्या बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं. मी नुसती उभी होते.

एमआरआयमध्ये मेंदूत दोन ठिपके दिसले. क्षय असेल किंवा पट्टकृमी नावाच्या जंताच्या अळ्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आम्ही शाकाहारी आहोत," मी ठणकावलं.

"डुकराच्या मांसातून पोटात जंत होतो, आजी. मेंदूत जातात त्या त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कुणाच्या तरी हातांतून."

मग त्यांनी रक्ताची तपासणी समजावली. जंताच्या प्रथिनाचा एक नेमका तुकडा, पेप्टाइड, प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवतात. या जंताशी शरीराची गाठ पडली असेल, तर रक्तातल्या अँटिबॉडीज त्या तुकड्याला चिकटतात.

"म्हणजे जंत नकली, आजार असली!" आजोबा म्हणाले. मला हसू आलं नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाकीच्या तपासण्यांशीही तो जुळत होता. यावर औषध आहे, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "घरात रांधणाऱ्या, जेवणाऱ्या सगळ्यांची शौच तपासणी करून घ्या." घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात त्या 'सगळ्यांची'चं 'तिची' झालं होतं.

आमची स्वयंपाकाची बाई मूळची साताऱ्याकडची, आता सानपाड्याला राहते. अकरा वर्षं आमच्याकडे आहे. तिची तिन्ही कामं आमच्याच सोसायटीत. मी नमुन्याची बाटली आणली, त्यावर स्वच्छ अक्षरात तिचं नाव लिहिलं आणि ओट्यावर ठेवली.

"हे काय, काकू?"

"तपासणी आहे. डॉक्टरांनी सांगितलीय."

"कुनाकुनाची?"

"घरातल्यांची."

"मग बाटली एकच कशी?"

तिनं बाटली पिशवीत टाकली. "बरं झालं. अकरा वर्षांनी का होईना, घरातली झाले म्हनायची."

तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. माझा आणि आजोबांचाही. आम्ही आमचे नमुने नंतर दिले. अंडी कुठून आली ते कळलं नाही. कदाचित कित्येक वर्षांपूर्वी, कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतून आली असतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण लॅब कुठली चांगली, हे मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला विचारलं होतं, आणि कुणासाठी तेही सांगून बसले होते. आठवड्यात तिचं तिथलं काम सुटलं. मी तिचा रिपोर्ट घेऊन खाली गेले. "हो हो, पण आता दुसरी बाई ठेवलीय," शेजारीण दारातूनच म्हणाली.

आजोबा बरे आहेत, गोळ्या चालू आहेत. ती अजून येते, पोळ्या तशाच मऊ करते. मात्र कणकेला हात लावण्याआधी मला हाक मारते. "काकू, या. बघा." आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुते.

"अगं, नको ना असं करू," मी एकदा म्हटलं.

"असू द्या. बघितलेलं बरं."

मी रोज जाते. ती हात पुसेपर्यंत उभी राहते.