ताडपत्रीखालचा माठ

चक्रीवादळात पोशीरची वीज गेली, फ्रिज बंद पडला आणि मला आईच्या इन्सुलिनची धास्ती बसली. दुसऱ्या सकाळी पडलेल्या फांद्या ओलांडत गावातली आशा सेविका दारात आली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

"आयचं औषद दे. गावातली समदी औषदं माज्याकडं माठात गार ठेवलीत," ती म्हणाली.

मी तिच्यासोबत गेलो. तिच्या घराचे पत्रे उडाले होते, आणि घरात असलेली एकुलती एक ताडपत्री तिनं ओल्या वाळूत रोवलेल्या माठावर बांधली होती. मी वर उघड्या आभाळाकडे पाहिलं.

"पत्रं काय रं, मागनं बी चढवता येतील. सुई चुकून नाय चालत."

आईची एकही सुई चुकली नाही. तेव्हापासून कुणी गाव विचारलं, की मी पोशीर जरा मोठ्यानंच सांगतो.