वडनेरच्या मैदानावर अडकलेली कंबर
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला वडनेरचं कबड्डीचं मैदान आठवतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी पंचेचाळिशीचा होतो, आणि सकाळी खाटेवरून उठताना भिंत धरावी लागत असूनही आमच्या रोहणा गावच्या संघातून हौसेनं खेळत होतो. त्या दिवशी कंबरेला तेच तेल चोळून उतरलो, पण शेवटच्या चढाईत वाकलो आणि अशी कळ निघाली की वाकलेलाच राहिलो. समोरच्या पोरांनी मला पाडलंच नाही. "काका, थांबा, उचलतो तुमाले," म्हणत तिघाचौघांनी मला अलगद मधल्या रेषेवर आणलं. माझा पाय रेषेला लागताच आमचे गडी ओरडले, "हात लावनारे सारेच बाद! जितलो!" पंचांनी मला विचारलं, "दम सुटला होता का जी?" आधीच कंबरेत सुऱ्या, त्यात ते 'काका', त्यात हे दयेचे गुण! मी वैतागून ओरडलो, "सुटला ना! कबड्डी नाई, आई वं, आई वं करून राह्यलो होतो मी!" आम्ही हरलो. घरी शेक देताना बायको म्हणाली, "पंचापाशी एवढं खरं बोलता, मंग सोताच्या वयापाशी काऊन खोटं बोलता?" चिडून तोंड फिरवावं म्हटलं, तर कुशीवर वळताही येईना.