गाठ विरघळली आणि सुजाता गेली

"पिशवी राहू दे आता," एवढंच हे फोनवर म्हणाले. मी सुजाताचे धुतलेले कपडे पिशवीत भरत होते. श्वासाची नळी आज काढून बघू, असं नांदेडच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून तिचा पुढून बटणांचा सैल कुडता शोधून त्याला इस्त्री केली होती. पिशवी नको म्हणजे तिला दुसऱ्या दवाखान्यात हलवत असतील, असं मला वाटलं. "मग कुठं आणू?" मी विचारलं. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... त्याला आता काही आठवडे झाले. सुजाता कशाने गेली असं कुणी विचारलं, की अजून माझी जीभ अडखळते. कॅन्सरने म्हणावं, तर तिचा कॅन्सर जवळजवळ संपला होता.

सुजाता माझी धाकटी नणंद, कळमनुरीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिने लग्न केलं नाही, आमच्यासोबतच राहायची. मुलींचा कबड्डीचा संघ हा तिचा खरा संसार. एकदा तांड्यावरचा एक बाप पोरीला खेळायला पाठवेना, तर ही मला घेऊन थेट त्याच्या अंगणात जाऊन बसली. तो म्हणाला, "मॅडम, हातपाय मोडले तर लग्न कोन करंल पोरीसंगं?" ही म्हणाली, "दादा, एक डाव मैदानावर येऊन बघा. पडल्यावर तुमची लेक कशी उठती, ते तुमी बघितलंच न्हाई." तो आला, हाताची घडी घालून कडेला उभा राहिला आणि शेवटी बाकीच्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता. घरी परतताना सुजाता वाटभर हसत होती. अशी बाई. तिला कधी साधा ताप आलेला मला आठवत नाही.

म्हणून लघवीतून रक्त गेलं तेव्हा ते तिने उन्हावर ढकललं. तपासणीत मूत्रपिंडात गाठ निघाली. ते मूत्रपिंड काढून टाकलं आणि काही महिन्यांत ती पुन्हा मैदानावर उभी राहिली. पण पुढच्या वर्षी खोकला लागला, जाईचना. फुप्फुसांवर ठिपके दिसले. गाठ तिथे पोचली होती. आम्ही हैदराबादला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या नांदेडकडच्या, त्यामुळे मराठीत बोलल्या. त्या म्हणाल्या, आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात, बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला मारून टाकतात. सुजाताच्या गाठीच्या तुकड्यातही अशा पेशी पुष्कळ दिसल्या होत्या. गाठीभोवती जमलेल्या. पण थंड.

सुजाता खुर्चीत पुढे सरकली. "म्हंजे त्या तिथं पोचल्या व्हत्या? आन् नुसत्या बघत बसल्या?"

"बसल्या नाहीत, बसवलं त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. या पेशींवर एक ब्रेक असतो. तो शरीरानेच ठेवलेला, नाहीतर त्या आपल्याच चांगल्या अवयवांवर तुटून पडतील. गाठ नेमका तोच ब्रेक दाबून धरते. समोर शत्रू असताना राखणदाराला वाटतं, इथे काही करायचं नाही. आता द्यायची औषधं कॅन्सरला थेट मारत नाहीत, ती हा ब्रेक सोडवतात. पुढचं काम आपल्याच पेशींनी करायचं.  सुजाता म्हणाली, "पंचच सामील करून घेतला की हिनं!" आणि लगेच तिने विचारलं, "ब्रेक सुटल्यावर त्या माझ्यावरच धावून आल्या तर?" डॉक्टरांनी काही लपवलं नाही. कातडी, आतडी, थायरॉईड, यकृत, कुठेही सूज येऊ शकते, बहुतेक वेळा ती औषधाने आटोक्यात येते, फार क्वचित हृदयावर येते. "नवीन काहीही वाटलं, कितीही बारीक, तर मला फोन करायचा." सुजाता म्हणाली, "व्हय, चालू करा."

ही औषधं सलाईनमधून देत. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. अंगाला खाज सुटली, ती मलमाने गेली. खोकला कमी होत होत थांबला. मग नवा स्कॅन झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून दाखवले. जुन्यात पांढऱ्या ठिपक्यांची रास होती, नव्यात ते शोधावे लागत होते. मी स्क्रीनला बोट लावून विचारलं, "गेले कुठं?" सुजाता रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतरच्या सलाईनला थोडे दिवस झाले असतील. सकाळी चहा पिताना आत्याबाई म्हणाल्या, "तुहा डोळा काहून झाकून राहिला गं?" तिची डावी पापणी खाली आली होती. सुजाता म्हणाली, जागरण झालंय. तालुक्याच्या सामन्यांची तयारी चालू होती. मान दुखते म्हणाली, तेही मैदानाच्या खाती गेलं. पापणीचा आणि त्या औषधाचा काही संबंध असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? कॅन्सर फुप्फुसात होता, तोही विरघळत चाललेला. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवताना तिला दम पुरेना. ती मैदानातच खाली बसली.

नांदेडला पोचेपर्यंत तिचे ओठ काळसर झाले होते. यांनी गाडीतूनच हैदराबादला फोन लावला, आणि डॉक्टरांचा आवाज बदललेला मलाही ऐकू आला. हृदयाच्या स्नायूला सूज होती, पापणीच्या आणि श्वासाच्या स्नायूंनाही. ब्रेक सुटलेल्या तिच्याच पेशी तिथे घुसल्या होत्या. त्यांना थोपवायला स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. ठोके चुकायला लागले म्हणून पेसमेकर बसवला, श्वासासाठी यंत्र लावलं. मधल्या एका दुपारी तिने माझा हात इतका घट्ट दाबला, की मला वाटलं ही उठतेच आता...

उठली नाही. नंतर हैदराबादहून डॉक्टरांचा फोन आला. त्या म्हणाल्या, नांदेडला काढलेला छातीचा स्कॅन पाहिला, ठिपके आणखी कमी झाले होते. सांत्वन म्हणूनच सांगितलं असावं त्यांनी.  जे जिंकलं त्यानेच तिला नेलं, हे कुठे मांडायचं? कुणावर चिडायचं?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले एक पाहुणे म्हणाले, असली नवी औषधं घ्यायलाच नको होती. मी त्यांना रागावले नाही. पण मला हैदराबादच्या वॉर्डात भेटलेल्या परभणीच्या आजी आठवल्या. तसंच औषध, तशीच सलाईन, आणि त्या आज नातवंडांत आहेत. परवाच त्यांचा फोन आला, सुजाता गेल्याचं ऐकून त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी हे उपचार चालू आहेत त्यांनी भिऊन ते सोडू नयेत. पण पापणी जड झाली, मान दुखली, थोडा दम लागला, तरी लाजू नका, थांबू नका, फोन करा. एवढंच मला कळलं आहे. बाकीचं अजून कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तिचं कपाट रिकामं करायला शाळेत गेले होते. संध्याकाळ होती, सराव नुकताच संपला होता. मुली मातीत गोल करून बसल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांनी आपापल्या मनगटावर बोटं ठेवलेली. मी विचारलं, हे काय चाललंय? त्यांची कप्तान म्हणाली, "मॅडमनं लावलेली सवय हाय. खेळ झाला की आपली नाडी आपण धरायची. ठोके शांत झाल्याबिगर घरी जायचं न्हाई." नवीन खेळशिक्षक अजून आलेले नाहीत. मुलींना बसा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

कप्तानने सरकून जागा केली. "बसा ना वहिनी, तुमी बी धरा."

मी मातीत बसले. माझी नाडी मला लवकर सापडेना. तेव्हा तिनेच माझं मनगट हातात घेतलं, बोटं नीट जागेवर ठेवली आणि म्हणाली, "घाई करू नका. लागती हाताला."