थंड मिजाजाच्या बाई

आत्या चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे. हडपसरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि पहिल्या बाकावरची मुलं फळ्यापेक्षा तिच्या कानांकडेच जास्त लक्ष ठेवून असायची. कान लाल झाल्याची खबर मागच्या बाकांपर्यंत क्षणात पोचे. मुलांनी तिचं नाव ‘हीटर बाई’ ठेवलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. “नाव बरं आहे,” ती म्हणायची, “फक्त हीटरला बटण असतं, मला नाही.”

तिचा आवडता शब्द ‘कशावरून?’. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव गेले आणि प्रश्न आले, असं ती अभिमानाने सांगायची. भाजीवाला “मेथी आजचीच आहे, ताई” म्हणाला तरी ती विचारायची, “कशावरून?” लग्न तिने केलं नाही. त्यावर कुणी काही विचारलं, तर मात्र ती उत्तर देत नसे.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्या तपासताना ती म्हणाली, “ही लाल शाई विटकी का दिसतेय?” चष्मा बदलून झाला. मग डावा पाय ओढला जायला लागला. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी नाव सांगितलं : मल्टिपल स्क्लेरोसिस. घरी आल्यावर माझे बाबा रडायला लागले. धाकट्या बहिणीला त्यांनी मुलीसारखं सांभाळलं होतं. आत्या म्हणाली, “दादा, आधी समजून घे, मग रड.” मग तिने वर्गात शिकवावं तसं सांगितलं की नसांवर एक आवरण असतं, शरीराची प्रतिकारशक्ती चुकून तेच कुरतडते, आणि मग मेंदूचे निरोप अर्ध्या वाटेत अडकतात. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा रडले.

इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक सुईनंतर तिला ताप भरायचा, अंग ठणकायचं. ते बघवेना म्हणून बाबा कुणी काही सुचवलं की तिकडे धाव घ्यायचे. तिच्याच शाळेत हिंदी शिकवणाऱ्या शाहीनबाईंचे मामा युनानी हकीम होते. “एकदा दाखवू या,” बाबा म्हणाले. आत्या नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “चला. ते तरी काय म्हणतात ते बघू.”

मी तेव्हा कॉलेजात होते, बरोबर गेले. हकीमसाहेबांनी बराच वेळ नाडी धरली. झोप किती, तहान किती, हातपाय गार पडतात का, सगळं विचारलं. मग म्हणाले, “आपल्या मेंदूचा मिजाज थंड आणि ओला झालाय.”

“ही? थंड?” बाबा कितीतरी महिन्यांनी हसले.

आत्याचे कान लाल झाले. “मला थंड म्हणणारे तुम्ही पहिलेच. कशावरून म्हणता?”

हकीमसाहेबांना राग आला नाही. “मिजाज म्हणजे राग नव्हे, बाई. ऊब, गारवा, ओलावा, कोरडेपणा यांचं प्रत्येकाच्या अंगात आपापलं मिश्रण असतं. इराणातून आमच्याकडे आलेली जुनी विद्या आहे ही. आपलं अंग जड, झोप फार, हात गार, नाडी मऊ.”

“हे सगळं आजारानंतरचं आहे. आधी मी अशी नव्हते.”

“तेच म्हणतोय मी. मूळच्या आपण गरमच असणार.”

हे उत्तर आत्याला फार आवडलं. बाबांनी मात्र मनातलं विचारलं, “मग हकीमसाहेब, ती सुई बंद करू का? फार ताप येतो हो हिला.”

हकीमसाहेब गंभीर झाले. “ती मी सुरू केलेली नाही, मी बंद करणार नाही. माणूस काय खातो, कसा झोपतो, एवढं मी बघतो. नसांचं डॉक्टरांनाच विचारा. आणि मी देतोय तेही त्यांना दाखवा.”

“ऐकलंस, दादा?” आत्या म्हणाली. “आता हा विषय घरात काढायचा नाही.”

सुंठ, मध, अक्रोड सुरू झाले. दही बंद झालं. संध्याकाळी पायांना कोमट तेल आणि शेक. हिवाळा बरा गेला. एप्रिलमध्ये मात्र शेकानंतर तिचे पाय लुळे पडले आणि नजर धुरकट झाली. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यावर तासाभरात सगळं निवळलं. या आजारात उष्णतेने असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या तडक हकीमसाहेबांकडे गेली. आता भांडण होणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो.

“तुमची विद्या म्हणते, गरम करा. माझे पाय म्हणतात, गार करा. आता बोला.”

त्यांनी नाडीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, “पाय म्हणतात ते करा. आमच्या पुस्तकांत आपण नव्हता.”

आत्याने हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि तेही त्यांना हसण्यासाठी नव्हे. “असं बोलायला छाती लागते,” ती म्हणायची. त्यानंतर दर ईदला ती त्यांच्याकडे शिरखुर्मा प्यायला जायची आणि दोघं तासभर वाद घालायचे. सुंठ-मधाने ती बरी झाली नाही, तसं तिने कधी म्हटलंही नाही. “झोप चांगली लागते,” एवढंच म्हणायची. “पण ती औषधाने लागते की भांडायला बरोबरीचा माणूस मिळाला म्हणून, हे सांगता येणार नाही.”

आधी काठी आली, मग चाकाची खुर्ची. मुख्याध्यापक आडून म्हणाले, “बाई, आता आराम करा.” “रविवारी करतेच की, सर.” मानेभोवती ओला नॅपकिन गुंडाळून ती खुर्चीत बसून शिकवायची. दहावीच्या मुलांना तिने मिजाजही शिकवला. “बरोबर की चूक ते पुढे ठरवू. शेकडो वर्षांपूर्वी माणसं यंत्रांशिवाय काय काय निरखत होती, ते आधी बघा.” नसांचा धडा तिने स्वतःच्या पायांवर शिकवला. त्या वर्गात कुणी तिच्या कानांकडे बघत नव्हतं.

आत्या गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. शेवटी हातही चालत नव्हते, बोलणं मात्र अखेरपर्यंत स्पष्ट होतं. तिची आठवण निघाली की मला ती शेवटी होती तो दवाखाना आठवत नाही, तिच्या निवृत्तीचा दिवस आठवतो.

निरोप समारंभ रिवाजाप्रमाणे दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला होता. लिफ्ट नव्हती. चार शिक्षक बाह्या सरसावून आले, “बाई, खुर्चीसकट उचलतो.” आत्याने हात आडवा केला. “मला कुणी उचलायचं नाही. समारंभ माझा आहे ना? मग त्याला खाली यायला सांगा.”

चौघं शिक्षक वर धावले. मग जिन्यावर धडधड सुरू झाली. मुलं बाक घेऊन उतरली, शिक्षक माइक आणि हार घेऊन, आणि शेवटी मुख्याध्यापक स्वतःची खुर्ची स्वतः उचलून. सगळी शाळा, आलेले पालकही, पटांगणात कडुनिंबाच्या सावलीत बसली. बाबा माझ्या शेजारी उभे होते. अनोळखी पालकांच्या खांद्याला हात लावून ते सांगत होते, “ती माझी बहीण.”